वेळासची कासवे

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणिसांचे मूळ गाव. तेथे ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत शंभरावर अंडी घालून समुद्रात परते, आणि माणसे तिच्या खुणांवरून खळगा उकरून ती खात वा विकीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना समजावून अंडी कुंपणात राखण्यास आरंभ केला. केवळ कायद्याच्या धाकाने हे साधले नसते, असे मला वाटते. पुढे अंडी काढणारे हातच राखणीला लागले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिले सोडताना पाहुण्यांना कासवांची माहिती सांगतात. त्यांचे राहणे-जेवण गावातल्याच घरांतून होते. म्हणजे अंड्यांचा बुडालेला पैसा, भगिनींनो, बायकांच्या चुलीवरून घरात आला!