फिश फाइंडरला मासा दिसेना तेव्हा : तापीच्या पाण्यातील तपासणी

हातात मावणारा फिश फाइंडर आता केवळ ट्रॉलरवाल्यांची मिरासदारी राहिलेला नाही. खाडीकाठी गळ टाकणारा हौशी माणूस आणि लहान होडीवर पोट असलेला मच्छीमार, दोघेही तो विकत घेऊ लागले आहेत. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पडदा कोरा राहिला की यंत्र सदोष ठरते. मग ते परत पाठवले जाते किंवा माळ्यावर पडते. पुष्कळदा मात्र यंत्र ठीक असते आणि त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

या गफलतीचे सगळे प्रकार एकाच नदीत पाहायचे तर सुरतेजवळची तापी सोयीची. शहरापासून वरच्या अंगाला सुमारे शंभर किलोमीटरवर 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा खोल, गोड्या पाण्याचा जलाशय आहे. शहरात रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामधला बंधारावजा कॉजवे नदीचे दोन भाग करतो : वर संथ गोडे पाणी आणि त्यावर वारंवार पसरणारी जलपर्णी, खाली भरती-ओहोटीने ढवळणारे गढूळ पाणी. पुढे डुमस-हजिऱ्यापाशी नदी समुद्राला मिळते, तेथे खंभातच्या आखाताचा प्रचंड ओढ जाणवतो. मांडवी-जुवारीच्या काठावरील वाचकाला यातली बहुतेक अडचण ओळखीची वाटेल. फक्त गोव्यात ती सौम्य रूपात भेटते.

यंत्राचे काम मुळात साधे आहे. पाण्यात बुडवलेला सेन्सर ध्वनीचा एक ठोका खाली पाठवतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली ठरते. माशाचे मांस घनतेने पाण्याच्या फार वेगळे नसते, म्हणून ते ध्वनी क्षीणपणे परतवते. जोरकस प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. मच्छीमार ज्याला भोत म्हणतात तो हाच अवयव. 2023 साली गुजरातने राज्यमासा म्हणून घोषित केलेल्या घोळीला जो भाव मिळतो, तो मुख्यतः याच भोताचा.

म्हणून पडदा कोरा दिसला की पहिला प्रश्न माशाचा नसावा. तळ दिसतो का, हे आधी पाहावे. तळाची सलग जाड रेघ उमटत असेल तर ध्वनी जातो आहे आणि परततो आहे. यंत्र जिवंत आहे. तळच उमटत नसेल, तुटक येत असेल किंवा खोलीचा आकडा उड्या मारत असेल तर माशाचा विचार बाजूला ठेवून सेन्सरकडे वळावे. एवढ्या एका विभागणीने अर्धे काम संपते.

तळ न दिसण्यामागे सर्वांत मोठा शत्रू हवा. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो, त्यामुळे सेन्सरच्या तोंडावर चिकटलेला बुडबुड्यांचा पातळ थरही त्याला आंधळे करतो. नवा किंवा तेलकट सेन्सर पाण्यात टाकल्याबरोबर असा थर बसतो. सौम्य साबणाने तोंड धुऊन, बोटाने ओले करून मगच तो सोडावा. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, प्लास्टिकला तडे जातात. कॉजवेच्या वरच्या बाजूला जलपर्णीची पाने आणि मुळे सेन्सरखाली येतात, तेथे मोकळे पाणी शोधण्यावाचून गत्यंतर नाही. धावत्या होडीच्या इंजिनामागच्या फेसाळ पाण्यातही तोच अनुभव येतो.

दुसरे कारण तिरकेपणा. कॉजवेच्या खाली उधाणाच्या भरतीत प्रवाह इतका जोराचा असतो की वायरला बांधलेला तरंगता सेन्सर ओढला जाऊन कलतो आणि ध्वनी खाली जाण्याऐवजी बाजूला जातो. अशा वेळी सेन्सर बांबूच्या टोकाला उभा बांधून पाण्यात धरणे हा साधा आणि खात्रीचा उपाय. भांगाच्या दिवशी, भरती थांबून ओहोटी लागण्यापूर्वीच्या स्तब्ध पाण्यात तपासणी केली तर आणखी बरे. गोव्यात भरती-ओहोटीतील फरक उधाणालाही दोन मीटरांच्या आसपास राहतो. सुरतेच्या किनाऱ्यावर तो याच्या दुपटीहून अधिक असतो, हे लक्षात घेतले की तिकडच्या तक्रारी अधिक का, ते उमगते.

गढूळपणाबद्दल एक गैरसमज रूढ आहे. ध्वनीला उजेडाची गरज नाही, त्यामुळे पावसाळी मांडवीचे तांबडे पाणीही त्याला अडवत नाही. गाळ फारच दाट झाला आणि त्यात बुडबुडे मिसळले की मात्र पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांचा पाऊस पडतो. संवेदनशीलता थोडी कमी करावी. यंत्रात दोन कंप्रतांची सोय असेल तर 200 किलोहर्ट्झऐवजी खालची निवडावी. मऊ चिखलाच्या तळावर 200 किलोहर्ट्झचा ध्वनी सैल गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, त्यामुळे दोरीला बांधलेले शिसे यंत्राच्या आकड्यापेक्षा खोल जाते. उलट, उथळ पाण्यात कठीण तळावरून ध्वनी दोनदा फिरून येतो आणि खोली दुप्पट दाखवली जाते. होडी हाकणाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी चूक घातक आहे : दोन मीटर पाण्यात चार मीटरचा भरवसा ठेवणे म्हणजे ओहोटीत वाळूवर अडकण्याची तयारी. नव्या जागी शिसे टाकून आकडा पडताळण्याची जुनी रीत यंत्राने रद्द केलेली नाही.

तळ स्वच्छ दिसतो आणि मासा मात्र दिसत नाही, ही खरी चकवणारी अवस्था. येथे भूमिती आधी समजून घ्यावी. ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. शंकूचा कोन 20 अंश असेल तर तीन मीटर खोलीवर तळाचे केवळ एक मीटर व्यासाचे वर्तुळ दिसते. दहा मीटरवर साडेतीन मीटरचे. उकाईच्या खोल पाण्यात कटला-रोहू अधूनमधून सापडतात आणि काठालगतच्या उथळ पाण्यात पडदा रिकामा राहतो, त्याचे एक कारण हेच. ‘मासा नाही’ याचा अर्थ ‘या एका वर्तुळात, या क्षणी मासा नाही’ एवढाच. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळा इतिहास. डावीकडे दिसलेल्या माशावर गळ टाकणारे पुष्कळ असतात.

सेन्सरच्या अगदी जवळचा, अर्ध्या ते एक मीटरचा पट्टा यंत्राला दिसतच नाही, कारण पाठवलेल्या ठोक्याची थरथर अजून शमलेली नसते. गोव्याचा राज्यमासा शेवटो उथळ पाण्यात, वरच्या थरात थव्याने फिरतो. डोळ्यांना दिसणारा थवा यंत्र दाखवत नाही ते यामुळे. तळाला चिकटून राहणारी मुडदुशी तळाच्या प्रतिध्वनीतच विरघळते. बादलीत किंवा टाकीत यंत्र तपासणेही म्हणूनच निरर्थक.

मग प्रश्न येतो माशाच्या जातीचा. बोंबलाला वाताशय नसतो. सुरतेपासून खाली दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात तो भरघोस येतो, पण स्वस्त यंत्राच्या पडद्यावर त्याची खूण पुसट राहते. मोरी, पाकट, लेपो आणि कोळंबी यांचीही तीच गत. घोळ, ढोमा, चणक, तांबसो हे मात्र चांगले उमटतात. कोणता मासा शोधायचा, हे न ठरवता यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

मांडणीतील चुका शेवटी तपासाव्यात. माशाचे चित्र दाखवणारी सोय यंत्राच्या अंदाजावर चालते. ती बुडबुड्यालाही मासा म्हणते आणि क्षीण खुणा गाळून टाकते. ती बंद करून कच्च्या रेघा वाचण्याची सवय लावावी. प्रात्यक्षिकाची सोय चालू राहिली असेल तर यंत्र कोरड्या टेबलावरही मासे दाखवते. पडदा पाण्याबाहेरही ‘चालतो’ तेव्हा हाच संशय घ्यावा. फोनला जोडणाऱ्या बिनतारी यंत्रात लाटेने सेन्सर बुडाला की वायफायचा संदेश तुटतो, कारण ती लहर पाण्यातून जात नाही. फोनमधील लोकेशनची परवानगी नाकारलेली असली तरी काही वेळा जोडणी होत नाही. शेजारच्या होडीवर त्याच कंप्रतेचे यंत्र असेल तर पडद्यावर तिरप्या रांगा दिसतात. ते बंद करायला सांगून पाहावे.

एवढे करूनही तीन-चार मीटर खोल, संथ पाण्यात, स्वच्छ सेन्सर उभा धरून आणि नवी बॅटरी घालून तळ दिसत नसेल तर वायरचा जोड उघडून पाहावा. खाऱ्या पाण्याने तो हिरवा पडलेला असतो. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा जोडावा. त्यानंतरही तळ आला नाही तर यंत्र वॉरंटीची मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्याकडे न्यावे, आणि नेताना शिशाने मोजलेली खोली, पडद्यावरील आकडा व त्या वेळचा फोटो सोबत असावा.