कोल्हारच्या वाटेवरचा सरदार

कोल्हार बुद्रुक प्रवरेच्या डाव्या तीरावर राहाता तालुक्यात आहे. पलीकडच्या काठावरचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात मोडते. नगर–मनमाड रस्ता इथे नदी ओलांडतो आणि पुढे शिर्डीकडे जातो. याच पट्ट्यात पेरूच्या बागा वाढल्या.

पेरू मूळचा उष्ण अमेरिकेतला. पोर्तुगिजांनी तो इकडे आणला, आणि नासपतीला ते म्हणत त्या ‘पेरा’वरूनच त्याला मराठी नाव पडले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस व फळबागा पसरल्या. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात त्याच सुमारास डॉ. चीमा पेरूची निवड करत होते. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून त्यांनी निवडलेले झाड ‘लखनौ ४९’ म्हणून नोंदले गेले. त्यालाच पुढे ‘सरदार’ म्हणू लागले.

सरदारचे झाड ठेंगणे, पसरट. फळ मोठे, गोलसर, सालीला किंचित खडबड. गर पांढरा, गोड, बी मऊ. भारी काळी, थोडी चुनखडीची जमीन हे झाड बऱ्यापैकी सोसते. इतके सोसणारी फळझाडे फार नाहीत. बी पेरून केलेल्या झाडाला मूळचे गुण येतीलच असे नाही, म्हणून दाब कलम किंवा गुटी कलम लावतात. लागवड बहुधा ६ × ६ मीटरवर, म्हणजे हेक्टरी २७७ झाडे.

गंमत अशी की कालव्याच्या मुलखातल्या बागवानाचे कसब पाणी तोडण्यात आहे. पेरूला फूल नव्या फुटीवरच येते. पावसाळ्यात पिकणारा आंबे बहार पाणचट असतो आणि फळमाशी त्याला सोडत नाही. म्हणून मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेला ताण देतात: पाणी बंद, मग बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून मुळ्या उघड्या. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण बसला. मग शेणखत घालून आळी बुजवतात आणि हलके आंबवणीचे पाणी देतात. चिंबवणीचे पाणी त्यानंतर. ताण कमी पडला तर नुसता पाला माजतो, जास्त झाला तर फांद्या वाळतात. जूनमध्ये फूल धरले की फळ हिवाळ्यात उतरते, थंडीने त्याची गोडी वाढते.

पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. लांबच्या बाजारासाठी तो हिरवट पिवळा असतानाच देठासह तोडावा लागतो. पूर्ण पिकल्याचा वास मात्र रस्त्याकडेच्या पाट्यांपाशीच येतो. शिर्डीला निघालेल्या गाड्या तिथे थांबतात, आणि चार फोडींवर मीठ-तिखट लगेच मिळते.