उन्हाळी आणि एक जुनं औषध

विषय जरा संकोचाचा आहे. पण सत्तरी ओलांडल्यावर लघवीबद्दल बोलायला लाजायचं कशाला? आमच्या लहानपणी लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणत आणि धने-जिऱ्याचं पाणी देत. थोडं बरं वाटे, पण आत जंतू असले तर ते काही त्याला दाद देत नसत.

या जंतूंवरच्या औषधांचा इतिहास जेमतेम नव्वद वर्षांचा. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी पहिल्या सल्फा औषधाचे निष्कर्ष जाहीर केले. मग पेनिसिलिन आलं. गंमत पाहा, ऑक्सफर्डच्या मंडळींनी एका आजारी पोलिसाला ते टोचलं १९४१च्या फेब्रुवारीत. पण त्याच मंडळींपैकी अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच लिहून ठेवलं होतं की ई. कोलाय हा जंतू पेनिसिलिन मोडून टाकणारा पदार्थ तयार करतो. लघवीचे बहुतेक संसर्ग याच ई. कोलायमुळे होतात! १९४५ साली नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनीही बजावलं होतं, की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतात.

हे सरावणं होतं कसं? कोट्यवधी जंतूंत एखाद्यात योगायोगाने बदल झालेला असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. शिवाय १९५९ साली जपानी संशोधकांना दिसलं, की एक जंतू ही युक्ती शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतो. वर्गात एका बाकावरून दुसऱ्या बाकावर कॉपीची चिठ्ठी सरकते ना, अगदी तसं.

१९५३ साली नायट्रोफ्युरँटॉइन नावाचं औषध बाजारात आलं. ते रक्तात फारसं राहत नाही, लघवीत मात्र भरपूर उतरतं. म्हणजे मूत्राशयापुरतंच उपयोगी. १९६२ साली क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका पदार्थापासून नॅलिडिक्सिक ॲसिड सापडलं. त्याचे वंशज म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन आणि १९८७ साली अमेरिकेत आलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन. सिप्रो पोटाला चालतं, लघवीला चालतं, तापालाही चालतं! मग काय, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन-दोन सुट्ट्या गोळ्या घरोघरी गेल्या. आज आपल्या मोठ्या इस्पितळांत सापडणाऱ्या ई. कोलायपैकी बहुतेकांवर सिप्रो चालत नाही.

२००८ साली तर स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू मिळाला की ज्याला अगदी राखून ठेवलेली कार्बापेनेमसुद्धा लागू पडेनात. तो रुग्ण त्याआधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. म्हणून त्या जंतूतल्या एन्झाइमला एनडीएम, म्हणजे 'न्यू दिल्ली'चं नाव पडलं. २०१० साली आपल्याकडे त्या नावावरून बराच गदारोळ झाला. नावाचा राग येणं समजू शकतं, पण जंतू खराच होता.

गेल्या वर्षी आमच्या सौ.ना हाच त्रास झाला. कल्चरच्या रिपोर्टात औषधांची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे 'आर', म्हणजे हे चालणार नाही. 'एस' ज्या थोड्यांपुढे होतं, त्यांत एक नाव नायट्रोफ्युरँटॉइनचं! तिच्या तरुणपणीचं औषध. पाच दिवसांत बरं वाटलं.

ते टिकलं कसं? एक तर ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. दुसरं म्हणजे, इतर आजारांत निरुपयोगी म्हणून ते ऊठसूट कुणी घेतलं नाही. आता जगभर डॉक्टर मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला ते पुन्हा आधी देतात. (संसर्ग किडनीपर्यंत गेला असेल किंवा किडनी कमजोर असेल, तर ते चालत नाही.) पण त्याचंही 'सिप्रो' केलं, तर पुढच्या पिढीच्या रिपोर्टात त्याच्यापुढेही 'आर' दिसेल.

म्हणून घरच्या मंडळींना सांगणं इतकंच, डब्यात उरलेली पट्टी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गोळी घेण्याआधी लघवीची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि आमच्या वयाच्या माणसांना त्रास काहीच नसेल, नुसते रिपोर्टात जंतू दिसले, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरजच नसते.