बिनकमिशनचे मुकादम

खेळणाऱ्याकडून पैसे घ्यायचे आणि वर त्याच्यासारख्याच दुसऱ्या खेळणाऱ्याला फुकट राखणीला बसवायचं, ही रीत १९९० च्या दशकात अमेरिकेत पडली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या पाथर्डीत ती यायला वीसेक वर्षं लागली. मधल्या काळात मी इथे बसस्टँडजवळ नेट कॅफे चालवत होतो, त्यामुळे ती येताना मला जवळून दिसली.

आधी अमेरिकेचं सांगतो. अमेरिका ऑनलाइन नावाची कंपनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट द्यायची आणि तासावर बिल लावायची. गिऱ्हाईक गप्पांत, खेळात जितका वेळ रमेल तितकी कंपनीची कमाई. पण गर्दी जमली की शिवीगाळ आली, फसवाफसवी आली, नवख्यांचे तेच तेच प्रश्न आले. हे निस्तरायला कंपनीने गिऱ्हाइकांमधूनच ‘कम्युनिटी लीडर’ उभे केले. जोर होता तेव्हा ते चौदा हजारांच्या आसपास होते. त्यांना आधी प्रशिक्षण, मग आठवड्याला किमान चार तासांची पाळी, पाळीचा अहवाल आणि तासांची नोंद. मोबदला एकच, स्वतःचं बिल माफ. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने तासाचा हिशोब बंद करून महिन्याला सरसकट १९ डॉलर ९५ सेंट घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी माफीची किंमत उतरली, काम मात्र होतं तेवढंच राहिलं.

मे १९९९ मध्ये दोन माजी लीडर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेले. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्याप्रमाणे आम्ही तुमचे नोकर ठरतो, किमान वेतन द्या, असं त्यांचं म्हणणं. कंपनी म्हणाली, तुम्ही तर हौशी. खटला अकरा वर्षं चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. लीडरांची ती व्यवस्था कंपनीने २००५ सालीच गुंडाळली होती. हजारो लोकांत वाटली तर ही रक्कम मोठी नव्हे. पण हौस आणि नोकरी यांच्यामधली रेघ कोर्टात विचारली जाऊ शकते, एवढं त्यातून सगळ्यांना कळलं. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा १९९७ चा खेळ, हजारो माणसं एकाच वेळी एका जगात वावरायची. तिथेही नवख्यांना हात देणारे बिनपगारी ‘काउन्सेलर’ होते. २००० साली त्यांच्यातल्या काहींनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीवर तसाच दावा लावला.

माझं मत असं की, या दोन खटल्यांतून कंपन्या वेतन द्यायला शिकल्या नाहीत, कागद न ठेवायला शिकल्या. पाळी लिहून द्यायची नाही, तास मोजायचे नाहीत, बिलसुद्धा माफ करायचं नाही. नावापुढे रंगीत खूण द्यायची आणि ‘तू आमच्या कुटुंबातला’ म्हणायचं. यात कोर्टापुढे ठेवायला काय उरतं?

आमच्या कॅफेत तेव्हा दहावी-बारावीचे निकाल, भरतीचे अर्ज आणि संध्याकाळी ‘काउंटर-स्ट्राइक’. मशीनं एकमेकांना वायरीने जोडलेली, एका खोलीतली पोरं दोन बाजूंनी लढायची. शिवी दिली की मशीन बंद, हा माझा नियम. तो पाळून घ्यायला एक दांडगा पोरगा होता, खरवंडीकडचा. त्याला मी रोज तासभर फुकट खेळू द्यायचो. अमेरिका ऑनलाइनचीच पद्धत म्हणा ना. पण हा पोरगा समोर उभा राहून म्हणायचा, “शेठ, तासाने भागत नाही, चहा पण सांगा.” आणि मला सांगावा लागायचा. काम कुणाचं करतोय, मालक कोण, मागणी कुणाकडे न्यायची, हे त्याला ठाऊक होतं.

मग २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आलं. झिंगा कंपनीचा शेतीचा खेळ. २०१२-१३ चा दुष्काळ पाथर्डीकरांना सांगायला नको, गावोगाव चारा छावण्या होत्या. बापाची जनावरं छावणीत बांधलेली आणि पोरगा तासाला दहा रुपये देऊन पडद्यावर स्ट्रॉबेरी काढतोय, हे मी पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीने तो खेळच बंद केला. अकरा वर्षं राखलेल्या, काहींनी पैसे घालून वाढवलेल्या शेतांचं पुढे काहीच झालं नाही. सातबारा कंपनीच्या नावावर होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं स्वस्त मोबाइल इंटरनेट आलं आणि कॅफेचं काम उरलं नाही. मी मोबाइलचं दुकान टाकलं. २०१८ मध्ये पबजी आला, तो चांगल्या फोनवाल्यांचा. आमच्या तालुक्याचा खरा खेळ ‘फ्री फायर’, सिंगापूरच्या गरेना कंपनीचा. तो स्वस्त फोनवर चालायचा. दिवाळीच्या सुमाराला इथल्या टोळ्या ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, तेव्हा फोनही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, जातो. आईबाप फडात, लहानगं सांभाळायला ठेवलेला थोरला पोरगा कोपीच्या तोंडाशी बसून गिल्ड चालवतोय. गिल्ड म्हणजे पन्नासेक पोरांची टोळी. तिचा लीडर पोरं जमवतो, भांडणं मिटवतो, चिटिंग करणाऱ्याला काढतो, रोज किती जण खेळले ते बघतो. गिल्ड टिकली की पोरं टिकतात, पोरं टिकली की डायमंडचे, म्हणजे खेळातल्या पैशांचे, टॉप-अप होतात.

हे काम पाथर्डीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाचं काम आहे. मुकादमाबद्दल आमच्याकडे बरंवाईट पुष्कळ बोललं जातं, आणि वाईट बोलायला कारणंही पुष्कळ आहेत. पण त्याला कमिशन असतं, ते टक्क्यात ठरतं, साखर कारखान्यांशी वाटाघाटी झाल्या की पेपरात छापून येतं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब होतो, मग तो भांडून का होईना. गिल्डच्या लीडरला ना कमिशन, ना पट्टा.

आणि कारखाना रात्रीत नाहीसा झाला तर? २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. ३० ऑक्टोबरला त्याचे इथले सर्व्हर बंद झाले. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ अ‍ॅपमध्ये फ्री फायर गेला. त्या आठवड्यात दुकानात पोरं येऊन एकच विचारायची, “डायमंडचे पैसे परत मिळतील का?” बंदीची कारणं सुरक्षेची होती, त्यावर मी बोलत नाही. पण पैसे घालून बसलेल्या पोराला कुणी चार ओळी समजावूनही सांगितल्या नाहीत. पबजीचाच नवा अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून उतरवला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. तिन्ही वेळा आमच्या पोरांना कळलं ते बातम्यांतून.

माझा भाचा एका परदेशी कंपनीच्या खेळाच्या मराठी ग्रुपचा मॉडरेटर होता. कंपनीचं नाव घेत नाही. नव्या सूचना मराठीत करून टाकायच्या, हॅकरचे स्क्रीनशॉट वर पाठवायचे, मध्यरात्री कुणी कुणाची आई-बहीण काढली तर ते पुसायचं. बदल्यात जांभळ्या अक्षरांत नाव. एका सकाळी त्याचीच आयडी बॅन झाली. कारण विचारलं तर यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं, पुन्हा विचारलं तर तेच उत्तर पुन्हा. “मामा, फोन करायला माणूस कोण आहे तेच सापडत नाही,” असं तो म्हणाला, तेव्हा मला तो चहा मागणारा खरवंडीचा पोरगा आठवला.

पैशांच्या खेळांची गोष्ट वेगळी. रमी, ड्रीम इलेव्हन वगैरेंवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला, २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. त्या कायद्याने पैशाचे खेळ बंद झाले. बाकीच्या खेळांत फुकट राबणारे होते तिथेच राहिले.

कायदा त्यांना ओळखत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही, पण ओळख अर्धी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कामगाराचा उल्लेख आहे, पण तो कमावणारा कामगार, म्हणजे डबे पोचवणारा, गाडी चालवणारा. ज्याला एक रुपया मिळत नाही त्याची नोंद कुठे करणार? खेळणाऱ्याची बाजू थोडी बरी. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला आहे. तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल ठरावीक मुदतीत द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. पैसे अडकले असतील तर अहिल्यानगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात असा लीडर किंवा मॉडरेटर आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. पोराला शिव्या घालू नका, त्याला वही द्या. रोज किती तास बसला, कुणाच्या सांगण्यावरून काय केलं, कंपनीकडून काय निरोप आला, हे तारखेनिशी त्याने लिहून ठेवावं, टॉप-अपच्या पावत्या जपाव्यात. अमेरिकेतल्या लीडरांकडे तासांच्या नोंदी होत्या, म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढता आली.