बुडातले भोक

नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या माणसाला पाणी कधी ना कधी ओढतेच. आम्हीही हौसेने 1970 च्या दशकातली एक जुनी शिडाची बोट घेतली आणि आयसेलमेरच्या काठी बांधली. आधीच्या मालकाने ती वर्षानुवर्षे झीलंडच्या खाऱ्या पाण्यात ठेवली होती. तीन उन्हाळे आम्ही मुलाबाळांसह तिच्यात झोपलो. चौथ्या हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढल्यावर सिंकच्या नळीवरचा व्हॉल्व्ह मी सहज पान्याने फिरवला, तर तो तुटून हातात आला. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हता. बिस्किटासारखा ठिसूळ, गुलाबी धातू होता.

बोटीच्या बुडाला मुद्दाम भोके पाडलेली असतात हे ऐकून आमच्या आईला धक्काच बसला! पण इंजिन थंड ठेवायला पाणी आत घ्यावे लागते आणि सांडपाणी बाहेर सोडावे लागते. म्हणून प्रत्येक भोकात धातूची नळी आणि तिच्यावर व्हॉल्व्ह असतो. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येते. हातपंपाने ते किती वेळ उपसणार?

या भोकांचा इतिहास काही गमतीचा नाही. 29 ऑगस्ट 1782 रोजी इंग्लंडच्या स्पिटहेड इथे ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची युद्धनौका मुद्दाम एका बाजूला कलवली होती. कारण क्षुल्लक होते. डेक धुण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी नळी दुरुस्त करायची होती. जहाज फार कलले, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि ते तिथेच बुडाले. आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत भेटायला आलेल्या बायका आणि मुलेही होती. चौकशीत ठपका आला तो कुजलेल्या लाकडांवर. जहाज तेव्हा 26 वर्षांचे होते.

लाकडाचा दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा. डच लोक त्याला ‘पालवर्म’ म्हणतात. 1730 च्या दशकात त्याने इथल्या बांधांचे लाकडी खांब पोखरले, तेव्हा देशभर घबराट पसरली आणि पुढे बांधांना दगडाचे अस्तर द्यावे लागले. जहाजांना दगड कसा लावणार? म्हणून इंग्रजांनी 1761 मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा हटला, पण दोन वर्षांनी तपासले तेव्हा पत्र्याचे लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी गंजून गेलेले निघाले. जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद खिळ्याखाली चुकून राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते!

कारण कळायला व्होल्टाची विद्युतघटमाला (1800) यावी लागली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की वीज वाहते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. 1824 मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी हेच ज्ञान उलटे वापरले. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे ते झिजतील आणि तांबे वाचेल. तांबे वाचले, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले माजले. विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तर ते दूर राहत होते! डेव्हींचा हा प्रयोग आरमाराने सोडून दिला. पण आजही अनेक बोटींखाली असा एक बळीचा तुकडा असतो. समुद्रात तो बहुधा जस्ताचा असतो. आयसेलमेरचे पाणी 1932 मध्ये आफस्लाउटडाइक बांधल्यापासून गोडे होत गेले, म्हणून इथे मॅग्नेशियमचा लावतात.

आता माझ्या गुलाबी धातूकडे येऊ. साध्या पितळेत सुमारे 60 टक्के तांबे आणि 40 टक्के जस्त असते. म्हणजे दोन धातूंचे हे भांडण एकाच तुकड्याच्या पोटात चालते. समुद्राचे पाणी जस्त हळूहळू काढून नेते आणि मागे राहतो तो तांब्याचा पोकळ सांगाडा. आकार तोच, वरून रंगही जवळपास तोच, ताकद मात्र नाही. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्याला कल्हई असल्याशिवाय त्यात ताक ठेवत नसत, कारण ते कळकते. पितळ आंबट-खारटाला भिते हे त्यांना ठाऊक होते. बोटीच्या पितळेला मात्र कोणी कल्हई करत नाही.

यावर उपाय आहे. कथील घातलेले कांसे, जस्त न सोडणारे खास पितळ, किंवा काचतंतू घातलेले प्लास्टिक वापरावे. गंमत अशी, की 1994 च्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा फिटिंगच्या ‘गंजरोधक’ धातूची व्याख्या केवळ पाच वर्षांच्या वापरापुरतीच होती. आमच्या बोटीतले व्हॉल्व्ह तर तिच्याच वयाचे होते.

त्या हिवाळ्यात आम्ही सहाही व्हॉल्व्ह बदलले. कांस्याचे बसवले, प्रत्येकाशेजारी दोरीने लाकडी बूच बांधले आणि वहीत तारीख लिहिली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुना कोड ‘चालतोय ना, मग हात लावू नका’ असे आम्ही सर्रास म्हणतो. बोटीच्या बाबतीत मी ते म्हणणे सोडले आहे. तो व्हॉल्व्ह तीन उन्हाळे अगदी व्यवस्थित चालत होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर माझी धाकटी झोपत होती.