दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा : परग्रहाच्या आडून माणसाची गोष्ट

दूरचित्रवाणी आणि विज्ञानकथा यांचे नाते दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेतच जडले. ११ फेब्रुवारी १९३८ रोजी बीबीसीने झेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकाचे पस्तीस मिनिटांचे रूपांतर प्रक्षेपित केले. 'रोबोट' हा शब्द जगाला दिला तो याच नाटकाने. माणसाच्या सेवेसाठी कारखान्यात घडवलेले कृत्रिम कामगार अखेर मालकांवरच उलटतात, हे त्याचे कथासूत्र. वरवर पाहता ही यंत्राची गोष्ट. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न राबवणारे आणि राबणारे यांच्या संबंधाचा आहे. पुढील काळात या प्रकारातील ज्या मालिका टिकल्या, त्यांतील बहुतेकांनी हाच मार्ग धरला. अंतराळयाने आणि किरणास्त्रे ही त्यांची वेशभूषा होय. आशय मात्र समकालीन समाजाचाच राहिला.

असा आडमार्ग लेखकांना का धरावा लागला, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन लेखक रॉड सर्लिंग यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढलेले सर्लिंग पन्नासच्या दशकात दूरचित्रवाणी-नाट्याचे आघाडीचे लेखक होते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेने अस्वस्थ होऊन सर्लिंग यांनी 'नून ऑन डूम्सडे' हे नाटक लिहिले. २५ एप्रिल १९५६ रोजी ते पडद्यावर आले तेव्हा त्यातील मूळ घटना ओळखूही येत नव्हती. दक्षिणेकडील प्रेक्षक दुखावतील या धास्तीने कथा उत्तरेकडील न्यू इंग्लंडमध्ये हलवण्यात आली, बळी पडणारी व्यक्ती कोणीतरी मोघम परदेशी ठरली आणि नेपथ्यातील कोका-कोलाच्या बाटल्याही काढून टाकण्यात आल्या. कारण त्या पेयावरून प्रेक्षकाला दक्षिणेची आठवण होईल, अशी शंका होती! दोन वर्षांनी त्याच विषयावर त्यांनी पुन्हा लेखणी उचलली, तेव्हा घटना मागच्या शतकात नेऊन बळी मेक्सिकन दाखवावा लागला.

कात्री चालवणारा हात सरकारचा नव्हता, प्रायोजकांचा आणि वाहिनीचा होता. ही बाब ध्यानात घेतली म्हणजे सर्लिंग यांनी २ ऑक्टोबर १९५९ पासून सीबीएस वाहिनीवर सुरू केलेल्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचे मर्म कळते. वंशद्वेषावर बोलणारा लेखक प्रायोजकाला नको होता. मंगळवासीयांवर बोलणाऱ्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. १९६४ पर्यंत चाललेल्या या मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ भाग सर्लिंग यांनी स्वतः लिहिले.

त्यातील ४ मार्च १९६० रोजी प्रक्षेपित झालेला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भाग आवर्जून पाहावा असा आहे. एका शांत वस्तीवरून आकाशात काहीतरी चमकून जाते आणि वीज, दूरध्वनी, मोटारी सारे बंद पडते. एक लहान मुलगा गोष्टीच्या पुस्तकात वाचलेले सांगतो : परग्रहवासी येण्याआधी माणसाच्या रूपातील आपले हेर पाठवतात. तेवढे पुरते. एकाची मोटार आपोआप सुरू होते, म्हणून तो संशयित. झोप येत नाही म्हणून तोच रात्री आकाशाकडे पाहत उभा राहतो, म्हणून संशय आणखी बळावतो. अंधारातून येणाऱ्या एका आकृतीवर गोळी झाडली जाते; पलीकडच्या गल्लीत काय झाले ते पाहायला गेलेला शेजारीच तो निघतो. त्यानंतर दगड, बंदुका, आरडाओरडा. शेवटी टेकडीवर उभे असलेले दोन परग्रहवासी दिसतात. त्यांनी केले ते इतकेच, की काही यंत्रे बंद पाडली. उरलेले काम वस्तीनेच केले.

साम्यवाद्यांचे हेर घरोघरी शोधणाऱ्या मॅकार्थी पर्वाच्या स्मृती तेव्हा ताज्या होत्या आणि प्रेक्षकाला संदर्भ सांगावा लागत नव्हता. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एका अफवेतून जमाव गोळा होतो त्या काळात तर हा भाग अधिकच जवळचा वाटतो. उल्लेखनीय गोष्ट ही, की या भागाला एक रस्ता, काही घरे आणि मोजकी पात्रे यांपलीकडे फारसे काही लागले नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार अधिक शास्त्रीय वाटेने गेला, आणि या वाटेवर मराठी वाचकाला ओळखीचे एक नाव भेटते. १९६१ मध्ये बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका दाखवली. जॉन एलियट यांच्यासह ती लिहिणारे होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, म्हणजेच जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकर त्याच सुमारास त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले होते. अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बिणीने परग्रहांवरील संदेश ऐकण्याचा पहिला प्रयत्न १९६० मध्ये केला होता, त्यामुळे विषय ताजा होता. मालिकेत अँड्रोमेडा या देवयानी तारकासमूहाच्या दिशेने संदेश येतो. तो उलगडल्यावर कळते, की ती एक संगणक बांधण्याची कृती आहे. संगणक बांधला जातो आणि मग तो सजीव घडवण्याची कृती देतो. इथे हॉइल यांची नजर संगणकापेक्षा त्याच्या भोवती जमलेल्या माणसांवर खिळते : संरक्षण खात्याला त्यात क्षेपणास्त्रे दिसतात, व्यापाऱ्यांना नफा दिसतो, आणि हे यंत्र आपल्याला का वापरू देत आहे असे विचारणारा शास्त्रज्ञ एकटा पडतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील सध्याच्या वादात हा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा ऐकू येतो. ज्यूली ख्रिस्ती या अभिनेत्रीचे नाव प्रेक्षकांना प्रथम ठाऊक झाले ते याच मालिकेमुळे. दुर्दैवाने मालिकेचा बराचसा भाग आज उपलब्ध नाही.

८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली जीन रॉडनबेरी यांची 'स्टार ट्रेक' तुलनेने आशावादी. व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना तिच्या 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन' या भागात दोन ग्रह पाचशे वर्षे केवळ संगणकावर युद्ध खेळतात; मृतांची यादी यंत्र ठरवते आणि यादीतील नागरिक शिस्तीत विघटन-कक्षात जाऊन मरतात. युद्ध स्वच्छ झाले, म्हणून ते थांबवण्याची गरजच कोणाला वाटत नाही. मालिकेचा प्रभाव पडद्याबाहेरही पोचला. उहुरा ही अधिकारी साकारणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला. त्या पात्राकडून प्रेरणा घेतलेल्या मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

चार्ली ब्रूकर यांच्या 'ब्लॅक मिरर'पर्यंत (२०११) येताना परग्रह नाहीसे होतात. तंत्रज्ञान खिशात आले आहे. पहिल्याच पर्वातील एका भागात कानामागे बसवलेल्या कणात प्रत्येक आठवण साठवली जाते आणि ती पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या संशयी नवऱ्याचा संसार मोडतो. त्याचा संशय खरा ठरतो, तरीही. याच मालिकेतील काही भाग मात्र केवळ धक्का देण्यासाठी रचल्यासारखे वाटतात, हेही नमूद करायला हवे.

भारतात दूरदर्शनवरील 'इंद्रधनुष', 'स्पेस सिटी सिग्मा' आणि १९९८ मधील केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' या मालिका आजच्या चाळिशीतल्या पिढीला आठवतात; पण त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने बालक मानला गेला. यानाचे आणि विशेष दृश्यांचे दिखाऊपण परवडत नाही, ही नेहमीची सबब. ती पुरेशी नाही, हे सर्लिंग यांच्या एका गल्लीने दाखवले आहे. मराठीत तर कथांची वाण नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेपासून बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्यापर्यंत मोठा साठा उभा आहे, आणि त्यातील कितीतरी कथा दोन खोल्या व चार पात्रे यांत मावणाऱ्या आहेत. मालिकांच्या निर्मात्यांनी त्याकडे क्वचितच पाहिले.