भोंग्यापासून डिजिटल मिक्सरपर्यंत

धाराशिव जिल्ह्यात लोहाऱ्याच्या बाजूला लग्न, जत्रा किंवा सप्ताह ठरला की मांडववाल्याबरोबर साउंडवालाही ठरवावा लागतो. हा धंदा फार जुना नाही. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवायचं ते नटाच्या गळ्यानंच. पुढे माईक आले, झाडाला बांधलेले भोंगे आले. 1940 साली दिल्लीत सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे अँप्लिफायर खेड्यापाड्यांत पोहोचले.

खरं कौतुक मात्र वायरच्या टोकाचं करायला हवं. टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली जॅकची पिन ओढली की निसटते. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीच्या तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरला खटका असतो. त्यातली एक पिन शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या जाळीची. उरलेल्या दोन तारांतून एकच आवाज सुलट आणि उलट असा धावतो. वाटेत दोन्हींवर सारखीच खरखर चढते; मिक्सर त्यांच्यातला फरक तेवढा घेतो आणि खरखर गळून पडते. लाइटिंगच्या वायरींशेजारून माईक लांब न्यायचा, तर याला तोड नाही.

2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स32 आला आणि डिजिटल मिक्सर मध्यम भांडवलाच्या आवाक्यात आला. स्टेजपासून मिक्सरपर्यंतच्या मनगटाएवढ्या जाड मल्टिकोर केबलऐवजी नेटवर्कची एक बारीक केबल पुरू लागली. भजनाची आणि ऑर्केस्ट्राची सेटिंग वेगवेगळी साठवता येऊ लागली.

एक अडचण उरलीच. वीज क्षणभर गेली तरी डिजिटल मिक्सर पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो, म्हणून जाणता साउंडवाला आधी त्याला यूपीएस जोडतो.